मोकळीक आणि तिची भरपाई



हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मेजर ध्यानचंद उभे राहतात. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती हॉकी निराळी. ती कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावर, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून खेळतात. तिच्या धंदेवाईक संघांची मोठी संघटना नॅशनल हॉकी लीग या नावाने १९१७ साली माँट्रिअल येथे स्थापन झाली आणि आज तिच्यात ३२ संघ आहेत. या खेळातील कौशल्याचे वर्णन करण्याचा आमचा विचार नाही. आम्हाला बोलावयाचे आहे ते एका साध्या प्रश्नाविषयी. नोकरीचा करार संपला म्हणजे माणूस मोकळा होतो की नाही? आणि तो दुसरीकडे गेला, तर पहिल्या धन्याला भरपाई द्यावी काय?

प्रश्न ऐकून आपण चकित व्हाल. एखादा मास्तर एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत गेला, तर दुसरी शाळा पहिलीला भरपाई देत नाही. पण संघमालकांचे म्हणणे असे की, आमचा धंदा जगावेगळा आहे. दोन दुकानदारांपैकी एक बुडाला तर दुसऱ्याचे फावते. येथे मात्र प्रतिस्पर्धी बुडाला तर खेळायचे कोणाशी? श्रीमंत शहराच्या संघाने सगळे गुणी खेळाडू ओढून नेले, तर सामने एकतर्फी होतील आणि एकतर्फी सामन्याचे तिकीट कोणी काढणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. पण तथ्याच्या आधाराने माणसाला किती बांधावे, याला काही सीमा आहे की नाही?

प्रारंभी सीमा नव्हती. बॉबी ऑर हा पुढे जगद्विख्यात झालेला खेळाडू १९६२ साली बोस्टनच्या संघाशी बांधला गेला, तेव्हा त्याचे वय १४ वर्षांचे होते. १९६३ साली नवोदितांच्या वार्षिक निवडीची पद्धत सुरू झाली. तीत संघांनी पाळीपाळीने मुले निवडावयाची, आणि ज्या संघाने ज्याला निवडले त्याचा त्याच्यावर हक्क. पुढे करार संपला तरी हा हक्क संपत नसे, कारण खेळाडू राखून ठेवण्याचे कलम करारातच घातलेले असे. १९५७ साली टेड लिंडसे याने खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच वर्षी डेट्रॉइटने त्याची रवानगी शिकागोला केली. ही पकड सैल झाली ती १९७२ साली. त्या वर्षी वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना निघाली, आणि फिलाडेल्फिया येथील न्यायाधीश हिगिनबॉटम यांनी राखीव कलमाचा आधार घेऊन खेळाडूंना अडविण्यास लीगला मनाई केली.

दार उघडले खरे, पण उंबरठ्यावर नवा पहारेकरी बसला. त्याचे नाव भरपाई. करार संपलेला खेळाडू ज्या संघाने घेतला, त्याने जुन्या संघाला तोलामोलाचे काही द्यावे, असा नियम झाला. दोघांचे एकमत न झाले तर प्रत्येकाने आपला प्रस्ताव लवादापुढे ठेवावा आणि लवादाने त्यांतला एक उचलावा.

याचा अर्थ काय होतो, ते १९७८ साली डेल मॅकोर्ट या तरुणाला कळले. आदल्याच वर्षीच्या निवडीत तो सर्वांत पहिला उचलला गेला होता, आणि डेट्रॉइटसाठी त्याने पहिल्याच हंगामात ३३ गोल केले होते. डेट्रॉइटने लॉस एंजेलिसचा गोलरक्षक रोगी व्हाशॉन याला आपल्याकडे घेतले, आणि लवादाने भरपाई म्हणून मॅकोर्टला लॉस एंजेलिसच्या स्वाधीन केले. स्वतःचा करार मोडला नाही, कोठे जाण्याची इच्छा दर्शविली नाही, असा हा २१ वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या मोकळिकीची किंमत ठरला. तो न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला. १९७९ साली अपील न्यायालयाने तो बहुमताने फिरविला. हा नियम खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या वाटाघाटींचा भाग आहे, सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही, असा निर्णय झाला. अखेर डेट्रॉइटने दुसरा एक खेळाडू आणि पुढील निवडींतले पहिल्या फेरीचे दोन हक्क देऊन मॅकोर्टला ठेवून घेतले.

पण नियम उरलाच. स्कॉट स्टीव्हन्सची कहाणी पाहा. १९९० साली सेंट लुईसने त्याला वॉशिंग्टनकडून घेतले आणि बदल्यात पहिल्या फेरीचे पाच हक्क दिले. पुढच्याच वर्षी सेंट लुईसने न्यू जर्सीचा ब्रेंडन शॅनाहान याला घेतले. भरपाईसाठी सेंट लुईसने दुसरे खेळाडू व हक्क पुढे केले होते. लवादाने दिला तो स्टीव्हन्सच. एकच माणूस एकदा पाच हक्क मोजून विकत घेतला गेला आणि वर्षभरातच स्वतः मोल म्हणून मोजला गेला! त्याच्या नेतृत्वाखाली न्यू जर्सीने पुढे तीनदा स्टॅन्ले चषक जिंकला, ही गोष्ट वेगळी. शेवट गोड झाला म्हणून रीत न्याय्य ठरत नाही.

आता आजची व्यवस्था पाहू. साधारणपणे वयाची २७ वर्षे किंवा लीगमधील ७ हंगाम पुरे झाले म्हणजे करार संपताच खेळाडू पूर्ण मोकळा होतो. त्याआधी तो अर्धवट मोकळा. जुन्या संघाने ठरलेल्या किमान वेतनाचा देकार दिला की त्याचा हक्क कायम राहतो. मात्र दुसरा संघ अशा खेळाडूला देकारपत्र देऊ शकतो. त्यावर खेळाडूची सही झाली की जुन्या संघाला ७ दिवसांची मुदत. त्याच अटी मान्य करून त्याने खेळाडू ठेवावा, नाहीतर तक्त्यात ठरलेली भरपाई घेऊन सोडावा. वारसांच्या सामाईक मिळकतीत एकाने आपला हिस्सा विकावयास काढला, तर सहवारसांना तो आधी घेण्याचा अग्रहक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दिला आहे, त्याच जातीचा हा हक्क. आपल्या आय.पी.एल.च्या लिलावांतही अशी बरोबरी करण्याची सवलत अधूनमधून ठेवलेली आहे. भेद एवढाच की, जमिनीला मन नसते.

भरपाई वेतनाच्या पायरीप्रमाणे वाढते. अगदी खालच्या पायरीला काहीच नाही; मग तिसऱ्या फेरीचा एक हक्क, मग दुसऱ्या फेरीचा, असे चढत चढत माथ्यावर पहिल्या फेरीचे चार हक्क. हे हक्क देणाऱ्या संघाचे स्वतःचे असले पाहिजेत.

कागदावर हे सुटसुटीत दिसते. व्यवहार पाहा. १९९७ साली न्यूयॉर्कने जो सॅकिकला तीन वर्षांचे २ कोटी १० लाख डॉलर देऊ केले. कोलोरॅडोने बरोबरी केली. १९९८ साली कॅरोलायनाने सर्गेई फेदोरोव्हला ३ कोटी ८० लाख देऊ केले. डेट्रॉइटने बरोबरी केली. २०१२ साली फिलाडेल्फियाने शे वेबरला १४ वर्षांचे ११ कोटी देऊ केले. लहान शहराच्या नॅशव्हिलनेही बरोबरी केली. २००७ साली एडमंटनने अनाहाइमचा डस्टिन पेनर नेला, त्यानंतर २०२१ पर्यंत एकही देकारपत्र फळाला आले नाही. २०२१ साली कॅरोलायनाने सुमारे ६१ लाख डॉलरांच्या देकाराने माँट्रिअलचा कोटकानिएमी उचलला. याच माँट्रिअलने २०१९ साली कॅरोलायनाच्या सेबॅस्टियन आहोला देकारपत्र दिले होते, हे लक्षात ठेवले की उचलण्यातली खोच कळते.

चौदा वर्षे जो हक्क कोणाला घेऊन जाऊ शकला नाही, त्याला हक्क म्हणावे काय? सर्वस्वी निरुपयोगी तो नव्हता. देकारपत्रामुळे सॅकिकचे वेतन वाढले, फेदोरोव्हचे वाढले, वेबरचे वाढले. दाराबाहेर पाऊल टाकता आले नाही तरी दार वाजल्याने घरात मान वाढला! पण हा लाभ मोठ्यांचा. मधल्या फळीच्या खेळाडूसाठी जड भरपाई देऊन दार वाजवायला येतो कोण?

याचे उत्तर ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाले. एडमंटनचा संघ वेतनाच्या कमाल मर्यादेला टेकला होता. सेंट लुईसने त्याच्या दोन तरुण खेळाडूंना दोन-दोन वर्षांचे देकार दिले. ब्रोबर्गला वर्षाला ४५,८०,९१७ डॉलर आणि हॉलोवेला २२,९०,४५७ डॉलर. हे विचित्र आकडे आले कोठून? त्या त्या पायरीच्या अगदी वरच्या टोकाचे आहेत ते. एक डॉलर वाढला असता तर भरपाईची पायरी चढली असती. एडमंटनने बरोबरी केली नाही, दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचा एकेक हक्क घेतला, आणि दोन्ही तरुण गेले. जेथे भरपाई हलकी होती तेथे मोकळीक खरी ठरली.

आमचे म्हणणे एवढेच आहे. भरपाई मुळातच अन्याय्य आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याने मुलाला घडविले त्याला काही मिळावे, आणि लहान शहराचा संघ जगावा, हे योग्यच. लवादाच्या लहरीऐवजी आधी ठाऊक असलेला तक्ता आला आणि जिवंत माणसाऐवजी निवडीचा हक्क मोजला जाऊ लागला, ही निश्चित प्रगती आहे. तरी विसरू नये की, निवडीचा हक्क म्हणजेही पुढे येणारा कोणी मुलगाच. मॅकोर्टसाठी दिलेल्या दोन हक्कांपैकी एकातून १९८० साली लॅरी मर्फी लॉस एंजेलिसला गेला. सौदा ठरला तेव्हा त्याचे नाव त्या कागदावर नव्हते.

म्हणून कोणतीही मोकळीक जोखावयाची झाली, तर तिचे कलम वाचून थांबू नये. ती वापरणाऱ्याला काय पडते आणि ते कोणाच्या गाठीचे जाते, हेही विचारावे. खेळाच्या मैदानावर हा प्रश्न डॉलरांत मोजलेला असल्याने स्पष्ट दिसतो. इतर ठिकाणी तो झाकलेला असतो, एवढेच.