सगळ्यांनाच चषक?

स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येक मुलाला चषक द्यावा का? पालकसभेत यावर हमखास दोन तट पडतात.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बक्षिसांच्या परिणामावर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. स्केचपेननं आवडीनं चित्रं काढणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की प्रमाणपत्र मिळेल. सोनेरी मोहोर, लाल फीत, सगळा थाट. काहींना तेच प्रमाणपत्र अचानक दिलं, तर काहींना काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन मांडले. बक्षीस कबूल केलेली मुलं त्यात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती.

म्हणजे घोळ आहे तो आधी दाखवलेल्या आमिषाचा. पाच वर्षांच्या पोराला शर्यतीनंतर एखादं पदक मिळालं, तर मिळू द्या की! बाराव्या वर्षी मात्र पहिला कोण आला हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. सरसकट वाटलेला चषक मग कपाटावर धूळ खात पडतो, आणि ‘आज डावीकडचा झेल छान घेतलास’ हे सरांचं वाक्य घरी येऊन दहादा सांगितलं जातं.