गोळीची रेघ वर, तक्रारीची फुली खाली

औषधांचे दुष्परिणाम असतात हे तुम्हाला सांगायला नको. ते डॉक्टरांच्या नजरेला कसे पडावेत, एवढंच आज सांगणार आहे. ओपीडीत तुमच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात आणि तुम्ही पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढता. त्यात सगळं असतं, पण आधी काय आणि मग काय, ते दिसत नाही.

कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता ना? तशाच गोळ्या आणि तक्रारीही मांडा. गोळी सुरू झाली त्या तारखेपासून रेघ ओढा, बंद झाली तिथे थांबवा. डोस वाढला की रेघ जाड करा. खाली तक्रारीची फुली: खोकला, चक्कर, सूज. जास्तीचं अर्धा लिटर दूध आपण विसरत नाही. मग मनानेच घेतलेली दुखण्यावरची गोळी किंवा चूर्ण का वगळता? तेही लिहा.

रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं, काही आठवड्यांनी घोटे सुजले. ही सूज त्या गोळीचीच असू शकते. पण ते लक्षात आलं नाही, तर सुजेवर लघवीची गोळी मिळते. तिने कधी सोडियम उतरतं, चक्कर येते. मग चक्करेवर तिसरी गोळी. तीन रेघा एकाखाली एक आल्या की सुरुवात कुठून झाली ते डॉक्टरांना लगेच दिसतं. रक्तदाबाच्याच एनॅलाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांचा कोरडा खोकला तर कधी काही महिन्यांनी सुरू होतो. इतकं मागचं कोणाला आठवणार? म्हणून पुन्हा सांगते: गोळीची रेघ वर, तक्रारीची फुली खाली.

एक मात्र बजावते. रेघेखाली फुली आली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम सोडणं धोक्याचं असतं. तो निर्णय डॉक्टरांचा. तुम्ही कागद पुढे ठेवा.

दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम आपल्याकडे 2010 पासून आहे. रुग्णही तिथे कळवू शकतात. निःशुल्क क्रमांक 1800-180-3024. त्यांच्या अर्जातही हेच विचारतात, औषध कधी सुरू झालं, त्रास कधी सुरू झाला. घरात आईवडिलांच्या चार-पाच गोळ्या चालू असतील, तर आज रात्रीच त्यांच्याजवळ बसून तारखा विचारा.