पहिले द्विशतक वांद्र्याचे

पोलीस भरतीच्या किंवा तलाठ्याच्या परीक्षेला बसणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा, एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिले द्विशतक कोणी केले? भीमेच्या काठी वडगाव रासाईत विचारा, नाहीतर पलीकडे दौंडात विचारा, उत्तर एकच येईल: सचिन तेंडुलकर, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१०. मुलगा हे ठासून सांगेल, कारण त्याने तेच वाचलेले आणि तेच ऐकलेले असते. पण हे उत्तर चूक आहे. ग्वाल्हेरच्या बारा वर्षे आधी, १६ डिसेंबर १९९७ रोजी, ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत डेन्मार्कविरुद्ध १५५ चेंडूंत नाबाद २२९ धावा काढल्या. आणि त्या कुठे काढल्या? मेलबर्नला नव्हे, लॉर्ड्सवरही नव्हे, आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर! त्याच वर्षी मे महिन्यात चेन्नईला सईद अन्वरने १९४ धावा केल्या होत्या आणि पुढची कित्येक वर्षे 'हा विक्रम कोण मोडणार, दोनशेचा टप्पा कोण गाठणार' अशी चर्चा होत राहिली. टप्पा तर डिसेंबरातच गाठला गेला होता. एवढेच नव्हे, तर नोव्हेंबर २०१४ मध्ये रोहित शर्माने ईडन गार्डन्सवर २६४ धावा करीपर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षे, एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातली सर्वांत मोठी खेळी, पुरुषाची असो वा स्त्रीची, ही वांद्र्याचीच होती.

त्याच दिवशी पुण्यातही काही घडत होते. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्सने आयर्लंडविरुद्ध नाबाद १७३ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी तिला अठरावे वर्ष पूर्ण होणार होते. या मैदानाचे नाव काढले की जुन्या क्रिकेटवेड्यांना २९ फेब्रुवारी १९९६ आठवतो. केनियाच्या १६६ धावांचा पाठलाग करताना वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ तिथेच ९३ धावांत गारद झाला होता. ती आठवण रास्तच आहे. पण त्या सामन्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, त्याच खेळपट्ट्यांवर, एका सतरा वर्षांच्या मुलीने केलेली ही खेळी आपल्या खिजगणतीतही नाही. महिला क्रिकेट पुण्याला नवे होते म्हणावे, तर तेही नाही. महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ साली पुण्यातच भरली होती. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ तिला आले होते.

आता पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. डेन्मार्कचा संघ तो काय! ऑस्ट्रेलियाने ३ बाद ४१२ धावा केल्या आणि डेन्मार्क ४९ धावांत आटोपला. इकडे सचिनसमोर डेल स्टेन होता, जॅक कॅलिस होता. दोन खेळींची तुलना तरी होईल का? खेळी म्हणून विचाराल तर मीही ग्वाल्हेरच्याच बाजूने मत देईन. पण विक्रमाला विचारलेला प्रश्न निराळा असतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी चढली की काटा टन सांगतो, उतारा सांगत नाही. उतारा काढायची जागा वेगळी. विक्रमांची वही हा काटा आहे. गोलंदाजी कशी होती, खेळपट्टी कशी होती, झेल सुटला का, हे समीक्षकाने सांगायचे. रोहितच्या २६४ धावांत तो अवघ्या चारवर असताना झेल सुटला होता. म्हणून त्या धावा कोणी कमी धरत नाही. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधली सर्वोच्च सांघिक धावसंख्या इंग्लंडची, ४ बाद ४९८. ती जून २०२२ मध्ये नेदरलँड्सविरुद्ध झाली. नेदरलँड्स म्हणजे काही गोलंदाजांची खाण नव्हे, तरी विक्रम तो विक्रम. मग दुबळ्या प्रतिस्पर्ध्याची अट नेमकी बाईच्याच धावांना का लागू करायची? शिवाय हा अपवादाचा एकच दिवस नव्हता. जून २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या महिलांनी डब्लिनला आयर्लंडविरुद्ध ४९१ धावा केल्या; त्यानंतर चार वर्षे त्याहून मोठी धावसंख्या पुरुषांच्या कोणत्याही संघाला करता आली नाही. त्याआधी मे २०१७ मध्ये दीप्ती शर्मा आणि मुंबईची पूनम राऊत यांनी ३२० धावांची सलामी दिली. पुरुषांचा सलामीचा विक्रम तेव्हा २८६ होता.

दुसरा आक्षेप साधनांचा. महिलांचा चेंडू हलका असतो, सुमारे १४० ते १५१ ग्रॅम. पुरुषांचा १५६ ते १६३. सीमारेषाही अलीकडे असते. हे खरेच आहे. पण पुरुषांचा खेळ तरी एकाच मापाने कुठे मोजला जातो? कपिलदेवच्या १९८३ मधल्या नाबाद १७५ धावा साठ षटकांच्या डावातल्या आहेत. १९७५ मध्ये सुनील गावसकर १७४ चेंडू खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले तो सामनाही साठ षटकांचाच. २०११ पासून डावाला दोन नवे चेंडू आले, क्षेत्ररक्षणाचे निर्बंध तर किती वेळा बदलले याची मोजदाद नाही. रोहितची तिन्ही द्विशतके दोन चेंडूंच्या काळातली आहेत, आणि ग्वाल्हेरचे एकाच चेंडूच्या काळातले. तरी ती सगळी एकाच रकान्यात सुखाने नांदतात. नियमांतला फरक तिथे चालतो, मग इथेच घोडे कुठे पेंड खाते?

तिसरा आक्षेप मात्र मला बराचसा मान्य आहे. दोन्ही याद्या एक केल्या तर नुकसान महिलांचेच होईल. सचिनने बावीस वर्षांच्या वर खेळून ४६३ सामन्यांत १८,४२६ धावा केल्या. मिताली राज जवळजवळ तेवीस वर्षे खेळली, पण तिच्या वाट्याला सामने आले २३२, आणि धावा झाल्या ७,८०५. महिलांमध्ये हा आकडा जगात पहिला. एकत्र यादीत तो पुरुषांच्या गर्दीत हरवून जाईल. एकूण धावांचा विक्रम मुळात संधीचाही विक्रम असतो. तेव्हा याद्या वेगळ्याच राहू द्याव्यात. माझे मागणे एका शब्दापुरते आहे. 'महिलांच्या' हा शब्द आपण न चुकता लिहितो, 'पुरुषांच्या' हा मात्र गाळतो. विश्वचषक म्हटले की पुरुषांचा, आणि दुसरा तो 'महिला विश्वचषक'. वास्तविक महिलांची स्पर्धा १९७३ ची आणि पुरुषांची १९७५ ची. आधीचीला विशेषण आणि मागाहून आलेली बिनविशेषणाची, हा उफराटा न्याय झाला. सचिनच्या द्विशतकाआधी 'पुरुषांच्या क्रिकेटमधले' एवढे लिहिल्याने त्याची एकही धाव कमी होत नाही. तरीही सचिनचे नाव घेतले की आपल्याकडे वाद पेटायला वेळ लागत नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

दोन्ही याद्या पाहून नेमके लिहिणे जमते, याचा दाखलाही आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत सांगलीच्या स्मृती मानधनाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक केले. विराट कोहलीचे ५२ चेंडूंतले शतक मागे पडले, आणि बातम्या आल्या त्या 'कोणाही भारतीयाचे सर्वांत जलद एकदिवसीय शतक' अशा. ती बातमी करणाऱ्यांना दोन्ही वह्या उघडाव्या लागल्या असणार. महिलांच्या यादीत स्मृतीच्या पुढे मेग लॅनिंगचे ४५ चेंडू होते, पुरुषांच्या यादीत डिव्हिलियर्सचे ३१. म्हणजे ती भारतात पहिली, जगातल्या महिलांत दुसरी, आणि दोन्ही याद्या मिळून पाहिल्या तर बरीच मागे. तिन्ही विधाने खरी आहेत. सामना मात्र भारत ४३ धावांनी हरला.