आधी दोरा, मग फुले

(मुलुंड येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या कोणा विदुषीला बोलावतो. ह्या वर्षी आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा काही कमीअधिक झाले तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र मी मुद्दाम मोठ्या माणसांचा घेतला आहे. शहर कसे वाढावे, गाड्या कुठून कुठे धावाव्यात, हे साहेब लोकांनी ठरवायचे असे आपण धरून चालतो. पण घरचा माणूस रात्री किती वाजता परत येतो, आल्यावर दोन शब्द बोलण्याइतके त्राण त्याच्यात उरते की नाही, मुलीला स्टेशनपासून अंधारात किती चालावे लागते, हे सारे त्याच प्रश्नातले आहे आणि ते निस्तरायला आपल्याच वाट्याला येते.

मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांचे नाव चार्ल्स कोरिया. धंद्याने आर्किटेक्ट. जन्म १९३० साली सिकंदराबादेस, शिक्षण मुंबईत आणि पुढे अमेरिकेत. साबरमतीच्या आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय त्यांनी बांधले. दादरचे पोर्तुगीज चर्च तुम्ही सर्वांनी येताजाता पाहिले असेल, त्याची आताची इमारत त्यांचीच. चांगल्या इमारती बांधणारी माणसे आपल्या देशात पुष्कळ झाली. पण इमारतीच्या बाहेर पडून ‘ह्या दारापर्यंत माणूस येतो तरी कसा?’ असे विचारणारा, आणि सरकारदरबारी ते विचारत राहणारा आर्किटेक्ट विरळाच. आमच्या वाचनालयातून आणलेले एक पुस्तक माझ्या मुलीने मला रात्री जेवणे झाल्यावर थोडे थोडे वाचून, मराठीत सांगून दाखवले. तिथून मला ह्या माणसाची गोडी लागली.

आता मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. समुद्रात खाली सोडलेल्या हातासारखे हे बेट. कचेऱ्या, बँका, मोठी बाजारपेठ सगळी बोटांच्या टोकाशी, फोर्टात. आणि माणसे राहायची मनगटाशी, कोपराशी, आपण तर पार दंडाशी. सकाळी सगळ्यांनी दक्षिणेला धावायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी उत्तरेला. १९६१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सुमारे ४१ लाख होती, तेव्हाच ही ओढाताण सुरू झालेली होती. १९६४ साली महापालिकेने शहराच्या विकासाचा आराखडा प्रसिद्ध केला. तो पाहून तिघेजण अस्वस्थ झाले. एक कोरिया; दुसऱ्या प्रवीणा मेहता, ह्याही आर्किटेक्ट; आणि तिसरे शिरीष पटेल, हे इंजिनियर. मुंबईतला पहिला उड्डाणपूल, केम्प्स कॉर्नरचा, ह्या पटेलांच्या हातचा. त्यांचे म्हणणे साधे होते. शहर असेच उत्तरेकडे लांबवत नेले तर प्रवास तेवढा वाढत जाईल. त्यापेक्षा शहराचे तोंडच वळवा. पूर्वेला खाडीपलीकडे जमीन आहे, तिथे नवे शहर वसवा, तिथेच कामधंदा न्या, म्हणजे माणसे दोन्ही दिशांनी जातील-येतील आणि एकाच अंगावर भार पडणार नाही. १९६५ च्या जूनमध्ये मुल्कराज आनंद ह्यांच्या ‘मार्ग’ ह्या नियतकालिकाने ही सगळी योजना छापली.

ह्यात एक गोष्ट मला टोचते, ती बोलून टाकते. ह्या तिघांची कथा सांगताना प्रवीणाबाईंचे नाव पुष्कळदा शेवटी येते, काही वेळा येतच नाही. त्या काळात बाई आर्किटेक्ट होणे म्हणजे काय, हे आपल्याला कळते. आपल्या मंडळाने तरी त्यांचे नाव आधी घ्यावे.

कोरियांचा वाहतुकीविषयीचा विचार मला गजऱ्यावरून समजला. मोटार कुठेही जाते, म्हणून मोटारीच्या भरवशावर शहर वाढले की ते सांडलेल्या फुलांसारखे चहूकडे विखुरते. बस आणि आगगाडी मात्र एका ओळीत धावते. तिला ओळीत माणसे मिळाली तरच ती परवडते, वेळेवर येते आणि तिकीट गरिबाच्या खिशात मावते. म्हणून आधी बसचा मार्ग आखा आणि त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती बसवा. वस्ती वाढली की त्याच मार्गावर पुढे मोठी गाडी आणा. आधी दोरा, मग फुले. आपल्याकडे उलटे होते. आधी इमारती उठतात, दुकाने उघडतात, माणसे राहायला येतात, आणि मग दोरा शोधत फिरतात. आपल्या मुलुंडला हे नवे वाटू नये. पाच रस्त्याकडचा जुना भाग शंभर वर्षांपूर्वी आधी रस्ते आखून मग वसवलेला आहे. त्या बाजूच्या भगिनींना स्टेशन चालत गाठता येते. नंतर वसलेल्या भागांतल्या आम्हाला रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागते.

बरे, त्या योजनेचे पुढे काय झाले? सरकारने ती मानली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरले, आणि कोरिया सुरुवातीच्या वर्षांत तिथे मुख्य आर्किटेक्ट होते. पण योजनेचा जीव ज्यात होता तेच राहिले. सरकारने आपला कारभार पलीकडे न्यावा, म्हणजे त्याच्यामागून बाकीचे येतील, असे त्या तिघांचे म्हणणे होते. मंत्रालय जागचे हलले नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून आणखी कचेऱ्या उभ्या राहिल्या. आणि आगगाडी? मानखुर्दहून वाशीला लोकल गेली ती १९९२ साली. सिडको निघून तोवर बावीस वर्षे झाली होती. पाट मांडले, ताटे वाढली आणि पाहुण्यांना आणायला बैलगाडीच पाठवली नाही, अशातली गत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती जमीन काही ओसाड नव्हती. तिथे आगरी-कोळ्यांची गावे होती, भातशेती होती, मिठागरे होती. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ती रेघ कोणाच्या तरी खाचरावरून गेलेली दिसतेच असे नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जासई भागात गोळीबार झाला, पाच माणसे गेली. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मला कोरियांविषयी आदर आहे, पण त्यांच्या स्वप्नाची किंमत आधी त्या गावांतल्या बायाबापड्यांनी मोजली, हे विसरून त्यांचे गुण गाणे मला जमणार नाही.

तरीही ते स्वप्न अर्धेमुर्धे खरे झाले आणि त्याचा घास माझ्या घरी पोचला आहे. आमचे हे गेली चोवीस वर्षे मुलुंडहून फोर्टात जातात. सकाळची सात चाळीसची धीमी गाडी, संध्याकाळी घरी यायला साडेआठ. मुलीला गेल्या वर्षी नोकरी लागली ती ऐरोलीस. १९९९ साली ऐरोलीचा पूल झाला, त्यामुळे खाडी ओलांडली की तिची कचेरी. ती सव्वासहाला घरात असते. चहा पिते, माझ्याशी भांडते, वाचते, मला वाचून दाखवते. एकाच घरातली दोन माणसे, एक दक्षिणेला जाते आणि एक पूर्वेला, आणि दोघांच्या आयुष्यात रोज दोन तासांचा फरक. ‘शहराचे तोंड वळवा’ ह्याचा अर्थ मला नकाशापेक्षा त्या सव्वासहाच्या चहावरून जास्त कळला. फक्त तिला उशीर झाला की पंचाईत. पुलावरून बस मिळाली तर मिळाली, नाहीतर मी गॅलरीत.

घाटकोपरच्या भगिनींना माझे म्हणणे लगेच पटेल. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अंतर अवघे साडेअकरा किलोमीटर, पण अंधेरीला जायचे म्हणजे दादरला गाडी बदलायची हा पिढ्यानपिढ्यांचा वळसा गेला. ह्याउलट २०२४ च्या जानेवारीत खाडीवर सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतू झाला. पूल देखणा आहे, मी पाहिला. पण त्याच्यावर रेल्वेचा रूळ नाही, आणि रिक्षा-दुचाकीला मज्जाव. इतका खर्च करून दोरा ओवायचा तर त्यात आगगाडीचे फूल का नको, असे माझ्यासारखीला वाटल्यावाचून राहत नाही.

आता थोडे माझ्या माहेराविषयी. माझे माहेर लालबागचे. वडील एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला आणि ते पुन्हा कामावर गेले नाहीत. माझी शाळा सातवीला का सुटली, हे आता कोणी विचारू नये. गिरण्या बंद पडल्यावर त्या जमिनींचे काय करायचे, हा प्रश्न आला. १९९१ च्या नियमात असे होते की, ढोबळ मानाने एक तृतीयांश जमीन शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ साली सरकारने ह्या जमिनींचा विचार करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष कोरिया होते. त्यांचे म्हणणे, तुकड्यातुकड्यांनी विकू नका; सगळ्या जमिनी एकत्र धरून परळचा भाग पुन्हा नीट रचा, त्यात बागा येऊ द्या, घरे येऊ द्या, चालायला जागा येऊ द्या. पण २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. लोक कोर्टात गेले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. भाकरीची वाटणी ठरली होती, वाट्याला आला तो कडेचा पापुद्रा.

मग तिथे मनोरे उभे राहिले, हजारो माणसे रोज कामाला येऊ लागली, आणि एल्फिन्स्टन रोडच्या स्टेशनातला पादचारी जिना अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७, सकाळची वेळ, पाऊस. चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यांत बायका होत्या. त्या दिवशी माझी धाकटी भावजय त्याच जिन्यावरून अर्धा तास आधी गेली होती. ती आजही तिथे पाऊस आला की खाली थांबते, गर्दी ओसरल्यावर चढते.

म्हणून मी आज हे सारे बोलते आहे, कारण आपल्यापुढेही एक कागद आला आहे. स्टेशनच्या रस्त्यावरचे भाजीवाले कायमचे उठवावेत आणि ती जागा मोटारी उभ्या करायला मिळावी, असा तो अर्ज. त्यावर मंडळाची सही मागितली आहे. काही भगिनींनी केलीही आहे. त्यांची अडचण मला कळते. रस्ता अडतो, खाली देठ आणि पाने पडलेली असतात, गुडघे दुखणाऱ्या बाईला रिक्षेपर्यंत जाणे कठीण होते. हे खोटे नाही.

पण कोरियांनी साठीच्या दशकात मुंबईच्या फुटपाथांसाठी सुचवलेली एक युक्ती ऐका. फुटपाथाच्या कडेने एक उंचवट्याचा ओटा बांधायचा, ठरावीक अंतरावर पाण्याचे नळ ठेवायचे. दिवसा त्यावर फेरीवाले बसतील, चालणाऱ्यांची वाट मोकळी राहील. संध्याकाळी ओटा धुऊन टाकायचा, आणि रात्री ज्यांना घर नाही त्यांना कोरड्या, स्वच्छ जागी पाठ टेकता येईल. किती साधी गोष्ट! ज्याने कोणी स्वयंपाकघरातला ओटा वापरला आहे तिला ती लगेच कळेल. कामाची जागा उंच आणि धुता येण्याजोगी असली की पायाखाली पसारा होत नाही. तेव्हा ती अमलात आली नाही. आज २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. त्यात जागा नेमून देण्याची तरतूद आहे, आणि फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींत एक तृतीयांश बायका असाव्यात असेही आहे. संध्याकाळी सातला गाडीतून उतरलेली बाई त्या भाजीवालीकडून मेथीची जुडी घेऊन दहा मिनिटांत घरी पोचते. तिला उठवले तर ही बाई मेथीसाठी वेगळी फेरी घालणार, आणि ती फेरीही आपल्यालाच पडणार.

मागच्या बुधवारी आम्ही तिघीजणी संध्याकाळी त्या रस्त्याच्या तोंडाशी उभ्या राहिलो. पायी जाणारी माणसे मोजायला लागलो आणि थोड्याच वेळात आकडा चुकला. मोटारी मात्र बोटांवर मोजून झाल्या. त्या रस्त्यावर जागा मोटारींना द्यायची की माणसांना, हे मला त्यानंतर कोणाला विचारावेसे वाटले नाही.

दुसऱ्या अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे. मागण्या तीनच आहेत. भाजीवाल्यांसाठी एका बाजूला ओटा आणि नळ. दुसऱ्या बाजूला सलग, न तुटणारा फुटपाथ, ज्यावर हातगाडीही नको आणि मोटारही नको. आणि ऐरोलीच्या बसचा थांबा स्टेशनच्या जिन्याजवळ, शेवटची बस रात्री साडेनऊला तरी असावी. भाषा साधी आहे. आपल्या चिटणीसबाई शुद्धलेखन तपासून देणार आहेत. पहिल्या अर्जावर ज्यांनी सही केली आहे त्यांनी हा वाचून बघावा. पटला तर सही करावी, नाही पटला तर आज जेवताना माझ्याशेजारी बसून भांडावे. वही हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवली आहे. पेन दोऱ्याने बांधले आहे, ते कृपा करून सोडू नये.