तेराव्यानंतरची पाळी



चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यातल्या आपल्या खानदेशी घरांत कुणी गेलं, की घरची माणसं भुसावळ पॅसेंजर धरतात. कुणी नंदुरबारला उतरतं, कुणी दोंडाईचाला, कुणी अमळनेरला, कुणी थेट जळगावला. दशक्रिया होते, गंधमुक्ती होते, दारावर येणारे येऊन जातात. मग परतीची गाडी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यात पाळी. लूमवर मीटरप्रमाणे पैसे, घरी आणलेल्या साड्यांवर नगाप्रमाणे. काम नाही तर पैसा नाही. मला आज या दिवसाबद्दल बोलायचं आहे. आधीच्या तेरा दिवसांत काय करायचं ते सगळं ठरलेलं असतं, प्रत्येक दिवसाला विधी आहे. चौदाव्या दिवसाला काहीच नाही.

त्या दिवशी बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: कामात मन रमव, म्हणजे विसरशील. सांगणाऱ्याची माया खरी असते, पण सल्ला मला पटत नाही. माणूस कामावर जातो, विसरत तर नाहीच, आणि वर त्याला वाटायला लागतं की आपणच कमी पडतोय. दुसरीकडे, ज्याला घटकाभर खरोखर विसर पडतो, एखाद्या गमतीवर हसू येतं, त्याला लगेच अपराधी वाटतं. दोन्हीकडून कोंडी. अशा वेळी मला कवयित्री बहिणाबाई आठवतात.

आपल्या या तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, जळगावजवळ, आसोदे नावाचं गाव आहे. १८८० साली तिथे बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या आणि तिशीतच त्यांचे पती नथूजी गेले. पदरात मुलं, अंगावर शेतीचं आणि घरचं काम. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, चुलीपुढे, शेतात हात चालू असायचे आणि ओव्या तोंडी येत जायच्या. त्यांचं एक गाणं ज्योतिषाला उद्देशून आहे. दारी येऊ नकोस, माझं दैव मला कळलंय, असं त्या त्याला सांगतात आणि पुसल्या गेलेल्या कुंकवाचा उल्लेख करतात. पण त्याच बाईनं पेरणीची गाणी केली, सुगरणीच्या खोप्याचं केलं, घरोटाचं केलं. आधी दुःख संपवू, मग कामाला लागू, असं त्यांच्या आयुष्यात कुठे दिसत नाही. दोन्ही एकाच दिवसात, एकाच हातानं चाललं.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. त्यांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवलेली ती गाणी सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. आई गेल्यावर मुलानं हाती घेतलेलं हे काम होतं, आणि त्यात पानोपानी आईच होती. ते करताना आईचा विसर पडला असेल, असं कोण म्हणेल?

नेदरलँड्समधले दोन अभ्यासक, मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट, यांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल एक विचार मांडला. दुःखातला माणूस कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, कधी पुढच्या संसाराच्या मागे लागतो, आणि हे येणं-जाणं चालूच राहतं. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे, सावरण्याची तीच रीत आहे. म्हणून सकाळी चांगलं काम झालं आणि दुपारी हात थांबला, तर स्वतःला बोल लावू नका.

आमच्या गल्लीतल्या एका ताईंचं सांगते. त्यांचे मालक गेले तेव्हा त्या साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायच्या. परतल्यावर गठ्ठा आला तसा कोपऱ्यात पडून राहिला. मग शेजारच्या मावशींनी एक केलं. दुपारी भांडी झाली की आपला गठ्ठा घेऊन त्या ताईंच्या ओट्यावर येऊन बसायच्या. बोलणं फार नाही. मधे गोंदाची वाटी, दोघींच्या मांडीवर एकेक पदर. पहिल्या दिवशी ताईंनी एका पदराचे जेमतेम चार बुट्टे केले. गोंद वाळून गेला, खडे गळाले, ते पुन्हा लावले. पण वेळ ठरली. मन लागो न लागो, त्या वेळेला हात कामाला लागायचा. सातत्य असंच येतं, असं माझं ठाम मत आहे. उमेद येईल मग काम करू, अशी वाट पाहणाऱ्याला फार थांबावं लागतं.

मात्र सगळ्यांना अशी वाट मोकळी नसते. आपल्या कारखान्यांच्या ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातलं एक गेलं की मागे उरतो अर्धा कोयता आणि अंगावर उचल. त्या बाईला उमेदीचे धडे देण्याआधी तिला जोडीदार मिळवून द्यायला हवा, बहीण, भाऊ, कुणीही. हे मुकादमानं मनावर घेतलं तर होतं.

लूमवाल्या भावांना एक सांगते. झोप लागत नसेल तर पहिले काही दिवस रात्रपाळी मागू नका. चालत्या यंत्रापुढे डुलकी लागली तर हात जाईल. आणि महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

शेठ, मास्टर, मुकादम ऐकत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. गावाहून परतलेल्या माणसाची जागा दुसऱ्याला देऊ नका. त्याला त्याचंच यंत्र द्या, महिनाभर भार थोडा कमी ठेवा. आणि शेजाऱ्यांनो, दारावर तर आपण सगळेच जातो. तेराव्यानंतरही एकदा जा, आणि जाताना आपलं काम सोबत घेऊन जा.