टेबल दाराकडे असू द्या

ऑगस्ट 2024 मध्ये वसमत तालुक्यात एका तलाठ्याचा त्याच्या कार्यालयातच चाकूने भोसकून खून झाला. वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1 मे 1999 पर्यंत हिंगोली हा परभणीचाच भाग होता. त्यामुळे ती बातमी ऐकून परभणीतल्या जिंतूर, पाथरी, पालमच्या सज्जांवर बसणाऱ्या तलाठ्यांच्या पोटात गोळा आला असेल, तर नवल नाही. त्यांची कार्यालयंही तशीच असतात. एक खोली, एक दार, जुनी कपाटं, आणि सोबतीला असला तर कोतवाल.

कामाच्या जागी हल्ला होण्याची भीती फक्त तलाठ्यालाच आहे असं नाही. उपकेंद्रात रात्री एकटी असणारी सिस्टर, थकलेल्या वीजबिलाच्या वसुलीला गेलेला वायरमन, एसटीचा वाहक, गोदावरीच्या नाहीतर दुधनेच्या काठी वाळूची गाडी अडवणारं पथक, या सगळ्यांना ती ठाऊक आहे. आणि यातल्या बहुतेकांना त्या प्रसंगी नेमकं काय करायचं, हे कुणीही शिकवलेलं नाही. मला आज बोलायचं आहे ते याबद्दल. अंगावर कुणी धावून आलं की विचार करायला वेळ मिळत नसतो. आधी ठरवून, करून पाहिलेलं असेल तेवढंच त्या क्षणी सुचतं.

म्हणून उद्या कामावर गेलात की आधी आपली खुर्ची बघा. येणारा माणूस तुमच्या आणि दाराच्या मध्ये बसतो का? तसं असेल तर टेबल आजच फिरवा. दार तुमच्या बाजूला हवं. टेबलावरचा जड पेपरवेट, कात्री, पंच खणात ठेवा. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याशी एक साधं वाक्य ठरवून घ्या, म्हणजे तुम्ही ‘ती लाल फाईल आणा’ म्हणालात की त्याने समजावं आणि चारजणांना घेऊन यावं. मग हे एकदा प्रत्यक्ष करून बघा. करून न पाहिलेली खूण ऐनवेळी तोंडातून निघत नाही.

समोरच्याचा आवाज चढला तर आपला चढवू नका. त्याला बोलू द्या, हातभर अंतर ठेवा, उभा असेल तर बसा म्हणा. फेरफारासाठी महिनोन्महिने चकरा मारलेल्या माणसाचा राग खरा असतो, आणि तो ऐकून घेणं हेही आपलं कामच आहे. पण तो दाराला कडी लावू लागला, वाट अडवू लागला किंवा खिशाकडे हात नेऊ लागला, तर बोलणं थांबवून बाहेर पडा. दफ्तर राहू द्या, शिक्के राहू द्या. नोकरीत पळ काढला असं कुणी म्हटलं तरी म्हणू द्या.

आणि एकटे जाऊ नका. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. इतक्या मोठ्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याबरोबर त्या वेळी पोलीस नव्हते. मग वाळूची गाडी अडवायला रात्री नदीपात्रात उतरणाऱ्या तलाठ्याला एकट्याने जायला सांगणारा वरिष्ठ चुकतो आहे, हे मी स्पष्ट म्हणतो.

दवाखान्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी काम थांबवलं. डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा तर महाराष्ट्रात 2010 पासूनच होता. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई, सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण कायदा येतो तो मार खाऊन झाल्यावर. मार चुकवायचा तर रुग्ण गंभीर आहे हे नातेवाइकांना पहिल्या तासापासून सांगत राहायला हवं. मृत्यूची बातमी व्हरांड्यात, गर्दीत, शिकाऊ डॉक्टरच्या तोंडून जाऊ नये. वरिष्ठाने घरातल्या एकदोघांना बाजूला बसवून, पाणी देऊन ती सांगावी. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. तिथल्या मुलामुलींना शरीरशास्त्राइतकंच हेही शिकवावं.

प्रसंग घडलाच, तर आधी जखमेची वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि काय घडलं ते त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून काढा. सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी केलेला हल्ला भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 खाली गुन्हा आहे. तक्रार कार्यालयप्रमुखाने करावी, म्हणजे ‘मिटवून घ्या’ म्हणणारे लोक एकट्या कर्मचाऱ्याच्या घरी जाऊन बसत नाहीत.

शेवटी एक विनंती गावकऱ्यांना. तलाठी कार्यालयातून किंवा उपकेंद्रातून आरडाओरडा ऐकू आला, तर मोबाईलवर चित्रीकरण करत बाहेर उभे राहू नका. एकाने 112 लावा, बाकीच्यांनी मिळून आत जा.