इलेक्ट्रॉन : कण आणि तरंगही

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन हा कण असल्याचे दाखविले. पुढे १९२७ मध्ये त्यांचेच पुत्र जी. पी. थॉमसन यांनी धातूच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. छायाचित्राच्या काचेवर वलये उमटली. अशी वलये तरंगांमुळेच उमटतात. पिता-पुत्र दोघेही नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले आणि दोघांचेही म्हणणे खरे ठरले.

म्हणूनच सूर्याभोवती ग्रह, तसे अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉन, हे फळ्यावरील चित्र अपुरे आहे. इलेक्ट्रॉनाचा ठरावीक मार्ग सांगता येत नाही. तो कोठे सापडण्याची संभाव्यता किती, एवढेच गणिताने कळते. ट्रान्झिस्टर याच ज्ञानावर उभा आहे. शिक्षकांनी ते चित्र अवश्य काढावे. मात्र त्याची मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगावी.